बाहेर पडायचं ठरलं, पण कोणत्या अटींवर?

(आमच्या कॉलेजच्या राज्यशास्त्र मंडळात मी केलेलं भाषण. मैत्रिणींनी आग्रह केला म्हणून इथे देत आहे.)



मला विषय मिळाला 'ब्रेक्झिट आणि लोकमत'. विषय ऐकला आणि आधी आठवला तो माझा आतेभाऊ. आमची आत्या डिचोलीला दिलेली. तिचा मुलगा, म्हणजे आमचा दादा, २०१४ साली पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेला. स्विंडन गावात गोदामात कामाला आहे. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, हे तुम्हाला माहीत असेलच. पोर्तुगाल युरोपियन युनियनमध्ये, म्हणून तेव्हा ब्रिटनचं दारही उघडं होतं. त्यासाठी दादाला भारतीय नागरिकत्व सोडावं लागलं.

२३ जून २०१६ ला ब्रिटनमध्ये सार्वमत झालं. युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं? दादाला मत नव्हतं. आयर्लंड, माल्टा आणि सायप्रस सोडले तर युनियनमधल्या इतर देशांच्या नागरिकांना त्यात मतदान करता येत नव्हतं. पण त्याच्या शेजारच्या खोलीतला भारतीय पासपोर्टवाला मुलगा मत देऊन आला! भारत राष्ट्रकुलात आहे, आणि ब्रिटनमध्ये राहणाऱ्या राष्ट्रकुलाच्या नागरिकांना मताचा हक्क होता. ज्याची रोजीरोटी त्या निकालावर अवलंबून, तो घरात बसून टीव्ही बघत होता. लोकमत मोजताना 'लोक' म्हणजे कोण, हे आधीच कुणीतरी ठरवलेलं असतं. मला पहिला धडा इथे मिळाला.

आता निकाल बघू. बाहेर पडण्याच्या बाजूने ५१.९ टक्के, राहण्याच्या बाजूने ४८.१ टक्के. मतदान ७२ टक्के. इंग्लंड आणि वेल्स बाहेर पडा म्हणाले, स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंड राहू या म्हणाले. कौल अटीतटीचा, पण स्पष्ट होता. मग पुढची साडेतीन वर्षं गोंधळ का झाला?

कारण 'राहणे' म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं, 'बाहेर' म्हणजे नेमकं कुठे ते मतपत्रिकेवर नव्हतंच. नॉर्वेसारखं बाहेर राहून सामायिक बाजारपेठेत राहता येतं, पण मग माणसांची ये-जा मोकळी ठेवावी लागते. तुर्कस्तानसारखं फक्त जकातीपुरतं एकत्र राहता येतं. कॅनडासारखा व्यापार करार करता येतो. नाहीतर कसलाच करार न करता उठून जाता येतं. हे चारही 'बाहेर'च. ५१.९ टक्के लोक या चार वाटांवर विखुरलेले, आणि ४८.१ टक्क्यांना मुळात निघायचंच नव्हतं.

नंतरच्या जनमत चाचण्यांत एक मजेशीर गोष्ट दिसली. बहुसंख्य लोकांना युरोपशी मोकळा व्यापार हवा होता, आणि युरोपातून येणाऱ्या माणसांवर बंधनही हवं होतं. युनियनचं म्हणणं होतं, माल, सेवा, भांडवल आणि माणसं या चौघांना सामायिक बाजारपेठेत एकत्रच मोकळीक मिळते, त्यातलं निवडून घेता येणार नाही. म्हणजे लोकांचं मत होतं, पण ते एका म्यानात दोन तलवारी मागत होतं.

संसदेतही तेच झालं. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ ला ४३२ विरुद्ध २०२ मतांनी पडला. नंतर आणखी दोनदा पडला. मार्चमध्ये खासदारांनी स्वतःच आठ पर्याय मांडून मतदान घेतलं, एकालाही बहुमत नाही! एप्रिलमध्ये चार पर्याय, पुन्हा तेच. जकात संघाचा प्रस्ताव फक्त तीन मतांनी गेला. प्रत्येक पर्यायाला 'नको' म्हणणारं बहुमत होतं, 'हवं' म्हणणारं कुठेच नव्हतं.

आपल्याला जवळचं उदाहरण देते. १६ जानेवारी १९६७ चा गोव्याचा ओपिनियन पोल. फूल म्हणजे महाराष्ट्रात विलीनीकरण, दोन पानं म्हणजे केंद्रशासित प्रदेश. निकाल आपल्याला आवडो वा न आवडो, दोन्ही चिन्हांमागे काय आहे हे मतदाराला ठाऊक होतं. ब्रिटनमध्ये एका चिन्हामागे रिकामी जागा होती, आणि ज्याने त्याने ती आपल्या मनाने भरली.

सगळ्यात अवघड अट सीमेची होती, आणि ती आपल्याला लवकर कळेल. आयर्लंड प्रजासत्ताक आणि उत्तर आयर्लंड यांच्यामध्ये जवळपास ५०० किलोमीटरची सीमा आहे. १९९८ च्या गुड फ्रायडे करारानंतर तिथले लष्करी नाके गेले. लोक पलीकडे कामाला जातात, दूध पलीकडच्या डेअरीत जातं. तिथे पुन्हा जकात नाके आले असते तर जुनी जखम उघडी पडली असती. शेवटी तपासणी समुद्रावर नेली, म्हणजे ब्रिटनमधून उत्तर आयर्लंडला जाणाऱ्या मालाची. उत्तर आयर्लंडच्या ५५.८ टक्के लोकांनी राहण्याच्या बाजूने मत दिलं होतं. अटींची सर्वांत जास्त झळ त्यांनाच, आणि त्यांचं मत एकूण बेरजेत विरून गेलं.

डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत बोरिस जॉन्सन यांच्या पक्षाने ४३.६ टक्के मतांवर ३६५ जागा जिंकल्या आणि प्रश्न सुटला. ३१ जानेवारी २०२० ला ब्रिटन बाहेर पडलं. लोकांना 'या अटी मान्य आहेत का?' असं स्वतंत्रपणे कधीच विचारलं गेलं नाही. आज तिथल्या चाचण्यांत 'बाहेर पडणं चुकलं' म्हणणारे जास्त आहेत.

कुणी म्हणेल, बारकावे ठरवणं हे संसदेचं काम, सामान्य माणसाला त्यातलं काय कळतं? मला हे पटत नाही. दादाला नक्की कळत होतं. त्याने मुदतीत अर्ज केला, त्याला तिथे राहण्याचा हक्क मिळाला. पण त्याच्या धाकट्या भावाने त्याच आशेवर पोर्तुगीज कागदपत्रं केली होती. त्याला आता ब्रिटनमध्ये कामाला जायचं तर व्हिसा लागतो. आत्या फोनवर म्हणाली, "आमका कोणी विचारलंच ना गो."

मी सार्वमताच्या विरोधात नाही. लोकांना विचारलंच पाहिजे. पण विचारणाऱ्याने आधी दोन्ही बाजूंच्या अटी कागदावर मांडाव्यात, आणि त्या अटींखाली जे जगणार आहेत त्यांना विचारावं. आणि उद्या आपल्यापुढे कुणी 'हो की नाही' असा प्रश्न घेऊन आलं, तर आपण आधी उलट विचारायचं, "हो म्हटलं तर पुढे काय?"