किरायाची खोली आणि तिचा कागद

वाडीहून बोलते आहे. मी बचत गटांची समन्वयक आहे, वकील नाही, हे आधीच सांगून ठेवते. आज जे सांगणार आहे ते वकील मॅडमकडून समजून घेतलं आहे, कायद्याचं पुस्तक आणून वाचलं आहे, आणि काही गोष्टी स्वतः ठेच लागून कळल्या आहेत.

मागच्या उन्हाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या मुलीचा नंबर आरटीईत लागला. आरटीई म्हणजे खासगी शाळेत गरिबांच्या आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी २५ टक्के जागा असतात ना, त्यातली एक जागा. मोबाइलवर मेसेज आला तशी ताईनं मीटिंगमध्ये पेढे वाटले. नंतर ती कागद तपासायला गेली, तर तिचा किरायानामा परत दिला. कागद स्टँप पेपरवर टाइप केलेला, नोटरीचा गोल शिक्का, घरमालकिणीची सही, सगळं होतं. पण दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला नव्हता. "नवा करून आणते," ती म्हणाली. तर करार अर्ज भरायच्या आधीच्या तारखेचा पाहिजे होता. जागा गेली. ताई त्या खोलीत तीन वर्षांपासून राहते, सगळ्या गल्लीला माहीत आहे. पण गल्ली काही कागद होत नाही.

त्या दिवशी ती मला म्हणाली, "मॅडम, तुमी आमाले कर्जाचे सतरा कागद शिकवले, हा एक कायले नाही शिकवला?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून आजचं हे बोलणं.

गावाकडच्या मैत्रिणी म्हणतील, आमचं घर स्वतःचं आहे, आमचा काय संबंध. आमच्या वाडीकडे पाहा. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टची गोदामं, पलीकडे अंबाझरीची ऑर्डनन्स फॅक्टरी, हिंगणा एमआयडीसी जवळ. कोंढाळी-काटोलकडून, छिंदवाडा-बालाघाटकडून माणसं कामाला येतात आणि दत्तवाडीपासून दवलामेटीपर्यंत खोली करून राहतात. त्यातली कित्येक तुमचीच मुलं आहेत. तुमची लेक नर्सिंगला नागपुरात असेल, तर तीही कोणाची तरी किरायेदार आहे. आणि दुसरी बाजू अशी, की माझ्या गटातल्या किती तरी बायकांनी गटाचं कर्ज काढून घरामागे दोन खोल्या काढल्या आहेत आणि त्या किरायावरच हप्ता फेडतात. म्हणजे एकाच सतरंजीवर घरमालकीण आणि किरायेदारीण शेजारी बसलेल्या असतात. मला दोघींशी बोलायचं आहे.

आपल्याकडे आता महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा आहे, १९९९ चा. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला. त्याआधी राज्यात तीन वेगवेगळे कायदे होते. मुंबईकडे एक, मराठवाड्यात हैदराबादचा एक, आणि आपल्या विदर्भात सीपी अँड बेरारचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश. त्या आदेशात घरमालकाला किरायेदाराची किरायेदारी संपवायची नोटीस द्यायची तरी आधी रेंट कंट्रोलरची परवानगी लागायची. त्यात वर्षं जायची. नागपूरच्या जुन्या घरमालकांच्या तोंडी अजून "एकदा किरायेदार बसला की उठत नाही" हे वाक्य आहे, त्याचं मूळ तिथलं. तो आदेश गेला, भीती मात्र राहिली.

नव्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की किरायाचा करार लेखीच पाहिजे आणि नोंदवलेलाच पाहिजे. साधी भाडेपट्टी असो की लीव्ह अँड लायसन्स असो. नोंदणी करायची जबाबदारी घरमालकाची. केली नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि नोंदलेला करार नसेल तर कोणत्या अटींवर खोली दिली याबद्दल किरायेदार जे सांगेल ते धरलं जातं, ते खोटं आहे हे मालकानं सिद्ध करेपर्यंत. मालकिणींनो, हे वाक्य जरा दोनदा ऐका. तुम्ही म्हणाल ३,००० ठरले होते, ती म्हणेल २,०००, आणि तुमच्याजवळ कागद नाही.

मग अकरा महिन्यांचं काय? सगळीकडे ऐकू येतं की अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाही. हे अर्धवट ऐकलेलं आहे. देशाच्या नोंदणी कायद्यात एक वर्षाच्या आतला भाडेपट्टा नोंदवायची सक्ती नाही, तिथून हा अकराचा आकडा आला. पण आपल्या राज्याच्या कलम ५५ मध्ये महिन्यांची सूट कुठेच नाही. नोटरी म्हणजे नोंदणी नाही. नोटरी सही तुमचीच आहे एवढं पाहतो. कराराची सरकारदप्तरी नोंद होते ती दुय्यम निबंधक कार्यालयात.

खर्चाला बायका घाबरतात. लीव्ह अँड लायसन्सवर मुद्रांक शुल्क शंभराला पंचवीस पैसे आहे. ३,००० किरायानं अकरा महिन्यांचे ३३,००० होतात. १०,००० डिपॉझिट असेल तर त्यावर वर्षाला दहा टक्के व्याज धरून ते मिळवतात. सगळं ३४,००० च्या आसपास, त्याचं शुल्क शंभराच्या आतबाहेर. नोंदणी फी शहरी भागात १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये. वरून एजंट आपली मजुरी घेतो, ती आधी ठरवून घ्या, तिथंच जास्त पैसा जातो. आता हे ऑनलाइन होतं. आधार कार्ड, दोघांची बोटं, दोन साक्षीदार. माणूस मशीन घेऊन घरी येतो. खर्च दोघींनी अर्धा अर्धा केला तर कोणाच्याच जिवावर येत नाही.

"नोंदणी केली अन् खोलीच तिच्या नावावर झाली तर?" हा प्रश्न मला प्रत्येक गटात येतो. उलट आहे. लीव्ह अँड लायसन्स म्हणजे राहायची नुसती परवानगी. मुदत संपली आणि समोरची व्यक्ती निघाली नाही, तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर राहिलेल्या दिवसांचे पैसे दुप्पट दरानं भरावे लागतात. मालकिणीची खरी राखण त्या नोंदलेल्या कागदातच आहे. जोडीला किरायेदाराची माहिती पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यायची. त्यात तिच्यावर संशय घेण्यासारखं काही नाही, तिलाही तसं सांगून द्या.

किराया थकला तर काय करायचं यापेक्षा काय करायचं नाही ते आधी सांगते. लाइट कापायची नाही, नळ बंद करायचा नाही. कलम २९ प्रमाणे घरमालकाला अत्यावश्यक सोय तोडता येत नाही, किरायेदार थेट कोर्टात जाऊ शकतो. सामान बाहेर काढणं, वरून दुसरं कुलूप लावणं, हेही करायचं नाही. मी स्वतः एकदा अशा भांडणात मध्ये पडले होते. एप्रिलचा महिना, आत पाच महिन्यांचं लेकरू, आणि मालकिणीनं फ्यूज काढून ब्लाउजमध्ये खोचलेला. ती बाई वाईट नव्हती. तिचा गटाचा हप्ता दोन महिने थकला होता आणि मीच तिच्या मागे लागले होते. हे मला त्या दिवशी फार लागलं.

जी किरायेदार आहे, लायसन्सवाली नाही, तिला थकबाकीसाठी काढायचं तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस मिळाल्यापासून ९० दिवस थांबावं लागतं. दावा झाला तरी समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत तिनं सगळी बाकी १५ टक्के साध्या व्याजासह आणि दाव्याच्या खर्चासह भरली, तर त्या कारणानं तिला काढता येत नाही.

पावती मागायला लाजू नका. कायद्यानं मालकानं प्रत्येक पैशाची लेखी पावती द्यायची आहे. मोबाइलवरून पैसे टाकत असाल तर तिथं "मार्च महिन्याचा किराया" एवढं लिहायची सवय ठेवा. डिपॉझिटला या कायद्यात मर्यादा नाही. केंद्रानं २०२१ मध्ये आदर्श भाडे कायद्याचा नमुना काढला, त्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांच्या किरायाची मर्यादा आहे. पण तो नमुना आहे, राज्यानं आपला कायदा केल्याशिवाय तो लागू होत नाही. म्हणून डिपॉझिट किती, परत कधी, कशाचे पैसे कापणार, हे करारातच लिहून घ्या. माझे लग्नानंतरच्या पहिल्या खोलीचे ५,००० "रंगरंगोटीत गेले". आम्ही राहायला गेलो तेव्हाही भिंतीला रंग नव्हताच.

आणि विजेचं. सबमीटर लावून मालक सांगेल तो युनिटचा भाव, ही तक्रार रोजची. २००३ च्या वीज कायद्यात कनेक्शन मागायचा हक्क मालकाइतकाच ताब्यात राहणाऱ्यालाही दिलेला आहे. ते जमत नसेल तर निदान युनिटचा भाव करारात लिहा आणि खोली घेतली त्या दिवशीच्या मीटरचा फोटो काढून ठेवा.

आता बायकांचं. करार बहुतेक वेळा नवऱ्याच्या नावानं असतो. नवरा गेला, आणि तेरवी होत नाही तोच "आता खोली खाली करा" असं ऐकायला येतं. भाडे नियंत्रण कायद्यात किरायेदार वारला तर त्याच्यासोबत राहणारा घरचा माणूस किरायेदार ठरतो. म्हणजे बायकोला तिथं राहायचा हक्क आहे, किराया भरत राहायचा. लीव्ह अँड लायसन्समध्ये हा आधार नाही. म्हणून तिथं करतानाच नवरा-बायको दोघांची नावं घाला. नवरा टाकून निघून गेला असेल तर? सर्वोच्च न्यायालयानं २००५ मध्ये सांगितलं आहे की टाकलेली बायको त्या किरायाच्या घरात राहत असेल, तर मालकाच्या दाव्यात ती स्वतः उभी राहून, किराया भरून, आपली बाजू मांडू शकते. घटस्फोट झाल्यावर हे इतकं सोपं राहत नाही. म्हणून राहण्याचं काय, ते घटस्फोटाच्या हुकुमातच लिहून घ्यायचं. आणि घरात मारहाण होत असेल तर २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा आहे. त्यात किरायाचं घरही "सामायिक घर" धरलेलं आहे. कोर्ट नवऱ्याला सांगू शकतं की हिला घराबाहेर काढायचं नाही, किंवा हिच्या वेगळ्या खोलीचा किराया तू भर.

एक सांगायचं राहिलं. भाडे नियंत्रण कायदा त्याच्या अनुसूचीत नावं दिलेल्या शहरांना, गावांना लागू आहे, प्रत्येक खेड्याला नाही. तुमचं गाव त्यात आहे का ते विचारून घ्या. नसेल तर १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा चालतो. त्यात महिन्याच्या महिना राहणाऱ्याला लेखी काही ठरलेलं नसेल तर निदान १५ दिवसांची नोटीस द्यावी लागते. म्हणजे तिथंही "आजच निघ" म्हणता येत नाही.

विचारायचं कुठं? विधी सेवा प्राधिकरणाकडे. बाईला तिथं फुकट वकील मिळतो, मिळकत कितीही असो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. फोन १५१००, त्याला पैसे पडत नाहीत. मालकिणीलाही मिळतो बरं का, तीही बाईच आहे.

त्या आरटीईच्या ताईचं सांगते. तिच्या मालकिणीनं यंदा डिसेंबरातच नोंदणी करायची ठरवली. एजंट मशीन घेऊन आला तर ताईचा अंगठा उमटेना. चार घरची भांडी घासून बोटांच्या रेषाच गेलेल्या. दोनदा हात धुतले, मालकिणीनं खोबरेल लावून दिलं, पुसलं, आणि शेवटी डाव्या हाताचं मधलं बोट लागलं. तुमच्याकडे मशीन येणार असेल तर त्या दिवशी सकाळी भांडी-कपडे नंतर करा. लहान मुलीचं वय अजून बसतं, अर्ज सुरू झाले की ती भरणार आहे.

तुमचे प्रश्न गटाच्या वहीत लिहून पाठवा, पुढच्या वेळी वकील मॅडमना सोबत आणते.