ताण, उत्तेजक द्रव्ये आणि आपला मेंदू



मी बँकेतला कारकून, डॉक्टर नव्हे. वाचले ते सांगतो. १९३८ साली जर्मनीत ‘पर्विटिन’ गोळ्या बाजारात आल्या. त्यांत मेथअँफेटामिन होते. झोप उडावी म्हणून महायुद्धात त्या सैनिकांना दिल्या गेल्या. हे द्रव्य मेंदूतील पेशींमधून डोपामिन बाहेर लोटते. प्रथम उत्साह वाटतो. पुढे निद्रानाश, संशय, भास मागे लागतात. ताणानेही हीच यंत्रणा चाळवते. म्हणूनच व्यसन सोडलेला माणूस संकटात पुन्हा घसरू शकतो. अशा वेळी त्याला नावे ठेवू नका, त्याच्याजवळ बसा.

विद्यार्थ्यांनो, परीक्षेत जागण्यासाठी कुणी गोळी दिली तर घेऊ नका. झोपा, वाचलेले झोपेत पक्के होते.