एका जोडणीचे वाटेकरी

बंगळूर शहराच्या उत्तरेस हेब्बाळ आहे. जुने गाव, गावाचे तळे, तळ्याच्या कडेने जाणारा बल्लारी रस्ता आणि त्या रस्त्यावर २००३ साली झालेला उड्डाणपूल, एवढे सांगितले की त्याची ओळख पुरी होते. २००८ साली देवनहळ्ळीचा विमानतळ सुरू झाला आणि या पुलाचे नाव निराळ्याच कारणाने सर्वतोमुखी झाले. चोहोकडून ऐसपैस येणारी वाहने शहराकडे उतरताना चिंचोळ्या जागी येऊन कित्येक वर्षे थबकत राहिली. रस्ता रुंद होता, गळा अरुंद होता.

या पुलाच्या आसपासच्या एखाद्या कचेरीत, भिंतीवरच्या लहानशा राउटरमध्ये, हाच प्रकार रोज घडू शकतो. सात-आठ माणसांची कचेरी डोळ्यांपुढे आणावी. महिन्याची वीस तारीख आहे, वस्तू व सेवा कराचे विवरणपत्र भरण्याची अखेरची मुदत. हिशेबनीस घाईत आहे. पण पान काही उघडत नाही. तो सरकारी यंत्रणेला दोष देतो, मालक अधिक पैशांची जोडणी घेण्याचा विचार करू लागतो. इकडे कोपऱ्यातल्या नकाशाकाराने एक भलीमोठी फाइल नुकतीच गिऱ्हाइकाकडे धाडायला लावलेली असते, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही.

एक जोडणी आठ जणांत वाटता येते हीच मुळात एक युक्ती आहे. इंटरनेटवरील पत्त्यांची १९८१ साली ठरलेली पद्धत बत्तीस अंकस्थानांची. तिच्यात सुमारे ४२९ कोटी पत्ते मावतात. ते अपुरे पडणार हे पुढे उमगले. १९९४ च्या मे महिन्यात एगेव्हँग आणि पॉल फ्रान्सिस यांचे एक टिपण प्रसिद्ध झाले, आणि आतले अनेक पत्ते बाहेरच्या थोड्या पत्त्यांआड झाकण्याची रीत त्यात मांडली गेली. एकत्र कुटुंबाचा पत्ता टपालवाल्याला एकच माहीत असतो. आलेले पत्र थोरल्या काकांचे की धाकट्या सूनबाईंचे हे घरातला जाणता माणूस पाहतो. राउटर तेच करतो. बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पुडक्यावर तो एक क्रमांक घालतो, त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की त्या नोंदीवरून ज्याचे त्याला देतो. मध्यवर्ती साठ्यातले पत्ते २०११ च्या फेब्रुवारीत संपले, तरी जगाचा व्यवहार थांबला नाही याचे मोठे श्रेय या जाणत्या माणसाला आहे.

पत्त्याचा प्रश्न असा सुटला; पाळीचा राहिला.

१९८६ च्या ऑक्टोबरात अमेरिकेत बर्कले येथे एक चमत्कारिक गोष्ट घडली. तेथील विद्यापीठ आणि लॉरेन्स प्रयोगशाळा यांत अंतर अवघे चारशे यार्ड. त्यांच्यातली वाहतूक सेकंदाला बत्तीस हजार बिटांवरून एकाएकी चाळीसवर आली. तार तुटली नव्हती. पोच मिळेना म्हणून प्रत्येक यंत्र तेच तेच पुन्हा धाडीत होते आणि गर्दी आपणच वाढवीत होते. व्हॅन जेकबसन यांनी त्यावर उपाय बसवला: पुडके हरवले की पाठवणाऱ्याने हात आखडावा, मग हळूहळू वेग वाढवावा. इंटरनेटचे दळणवळण आजही या संयमावर उभे आहे.

पुढे स्मृतिसाठा स्वस्त झाला आणि यंत्रे बनवणाऱ्यांनी तो सढळ हाताने घातला. हेतू चांगला, परिणाम उलटा. पुडकी हरवेनाशी झाली, रांगेत तिष्ठत राहू लागली. पाठवणाऱ्याला गर्दीचा सुगावाच उशिरा लागू लागला. हेब्बाळच्या हिशेबनिसाची दोन ओळींची विनंती नकाशाच्या हजारो पुडक्यांमागे उभी राहते ती यामुळे.

श्रोत्यांपैकी ज्यांनी पांझरेकाठची फड पद्धत पाहिली असेल, त्यांना याचे उत्तर परके वाटणार नाही. तिथे बंधाऱ्याचे पाणी शेतकरी स्वतः वळवून घेत नाही. नेमलेला पाटकरी ते पाळीने देतो. बलदंड शेजारी असला म्हणून त्याचा पाट रात्रंदिवस वाहत नाही. २०१२ साली कॅथलीन निकोल्स आणि जेकबसन यांनी रांगेत किती वेळ गेला यावर नजर ठेवणारी रीत सुचवली, आणि प्रत्येकाची रांग वेगळी ठेवून पाळी देणारी तिची सुधारलेली आवृत्ती २०१८ साली इंटरनेटच्या दस्तऐवजांत नोंदली गेली. आज अनेक राउटरांत ती असते. पुष्कळदा ती चालू करावी लागते, इतकेच.

मात्र एक खुबी आहे. रांग आपल्या पाटकऱ्यापाशी लागली तरच त्याचा उपयोग. ती पुढे कंपनीच्या यंत्रात लागली तर त्याच्या हाती काहीच उरत नाही. म्हणून राउटरला जोडणीच्या खऱ्या वेगापेक्षा किंचित कमी मर्यादा घालावी लागते, दहाची असेल तर नऊची. मालकाला हे प्रथम तोट्याचे वाटते. पण मग नकाशा थोडा उशिरा पोचतो, आणि हिशेबनिसाचे विवरणपत्र वीस तारखेलाच जाते.