रावणवधानंतर उरलेली गोष्ट

टॉल्किनच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चा शेवटचा खंड १९५५ साली प्रसिद्ध झाला. त्यात दुष्ट सॉरॉनचा निःपात होतो, हक्काच्या राजाला गादी मिळते, आणि तरीही बरीच पानं शिल्लक राहतात. कथानायक फ्रोडो गावी परततो तो झाडं तोडलेल्या, गुंडांच्या ताब्यात गेलेल्या मुलखात. तो मुलूख सावरतो, पण फ्रोडोची जुनी जखम दर वर्षी उसळते आणि अखेर तो कायमचा निघून जातो. अनेकांना हे पाल्हाळ वाटतं. २००३ च्या चित्रपटाने तर गावावरचं संकट गाळूनच टाकलं. मला मात्र या खंडाचं मोठेपण त्याच पानांत दिसतं, आणि त्याला आधार आपल्या मातीतला आहे.

तो आधार म्हणजे भवभूती, पद्मपूरचा. ते पद्मपूर म्हणजे आमगावजवळचं गाव, असं संशोधक वा. वि. मिराशींनी मांडलं, १९९९ साली गोंदिया वेगळा होईपर्यंत हा भाग भंडारा जिल्ह्यातच होता. आठव्या शतकातल्या या नाटककाराने 'महावीरचरिता'त रावणवध आणि रामाचा राज्याभिषेक दाखवला. गोष्ट तिथे थांबवता आली असती. पण त्याने 'उत्तररामचरित' लिहिलं. पहिल्याच अंकात लक्ष्मण वनवासाची चित्रं दाखवतो. गरोदर सीता ती पाहून थकते आणि रामाच्या हातावर डोकं ठेवून झोपी जाते. तेवढ्यात दुर्मुख नावाचा हेर सीतेविषयीच्या लोकापवादाची बातमी आणतो, आणि राम तिचा त्याग करतो. शत्रू आता फक्त चित्रात उरलाय, आणि घाव बसतो तो स्वतःच्या प्रजेकडून आणि रामाच्याच हातून.

मग राम-रावणात फरक काय उरला, असं कोणी विचारील. फरक तिसऱ्या अंकात आहे. बारा वर्षांनी पंचवटीत आलेला राम केलेल्या कृत्याच्या आठवणीने मूर्च्छित होतो, अदृश्य सीतेच्या स्पर्शाने सावध होतो आणि पुन्हा कोसळतो. आपण काय केलं हे तो स्वतःपासून लपवत नाही. फ्रोडोचंही तसंच: सॉरॉनची जी अंगठी नष्ट करायला तो निघालेला असतो, ती ऐन कड्यावर त्यालाही सोडवत नाही, ती पडते तिच्या हव्यासाने पछाडलेल्या गॉलमशी झालेल्या झटापटीत, आणि म्हणूनच विजयाचा तोरा त्याच्यात येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाल्मीकींची सीता भूमीत जाते. भवभूती मात्र राम-सीतेची भेट घडवतो, म्हणजे शेवटी त्यालाही गोड शेवटच हवा होता की! हवा होता, हे खरंच. पण तो त्याने फुकट दिलेला नाही. सातव्या अंकात सीतेची कथा साऱ्या प्रजेसमोर नाटक म्हणून उभी राहते, अरुंधती नगरजनांना जाब विचारते, आणि ज्यांच्या तोंडून तो अपवाद निघाला होता ते लोक सीतेला नमस्कार करतात.