गिरगावचा ऱ्हास : वस्तुस्थिती आणि आपले कर्तव्य

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि ज्येष्ठांचा सत्कार झाल्यावर मोडक्या जिन्यांची आणि कुजलेल्या तुळयांची गोष्ट काढणे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या विषयावरून गेल्या वार्षिक सभेत आपल्यात दोन तट पडले, तो विषय समारंभाच्या आनंदात झाकून ठेवणे आम्हाला प्रशस्त वाटत नाही.

संस्थेची गिरगावातील जुनी जागा विकून उपनगरात नवी घ्यावी काय, एवढाच प्रश्न त्या सभेपुढे होता. तथापि चर्चा जागेवरून वस्तीवर गेली आणि वस्तीवरून माणसांवर घसरली. बोरिवलीहून आलेले एक सभासद म्हणाले, “गिरगाव संपले. आता तिथे आपले राहिलेच कोण? मुलाबाळांना घेऊन राहावे अशी ती जागाच उरली नाही.” त्यावर वाडीत अजून बिऱ्हाड असलेल्या एका भगिनी उठल्या आणि म्हणाल्या, “आमची सून कामावरून रात्री बारा वाजता चर्नी रोडला उतरते आणि एकटी चालत घरी येते. आजवर तिला वाटेत भीती वाटलेली नाही. एवढा निर्धास्तपणा तुमच्या उपनगरात आहे का, ते आधी सांगा.” आवाज चढले आणि ठराव पुढे ढकलावा लागला.

आम्ही त्या दिवशी काही बोललो नाही. घरी गेल्यावर मात्र आमच्या ध्यानात आले की दोघेही खरे तेच बोलत होते. फक्त ते दोन निरनिराळ्या गोष्टींविषयी बोलत होते. एक माणसांची सुरक्षितता सांगत होते, दुसरे घरांची असुरक्षितता. या दोहोंची गल्लत झाल्यामुळेच आपला वाद मिटत नाही.

प्रथम ‘ऱ्हास’ या शब्दाचा विचार करू. गिरगाव बदलले म्हणजे बिघडले, असे आपण सहज बोलून जातो. परंतु गिरगाव न बदलता राहिले असा काळ कोणता? आज जिला आपण वाडी म्हणतो, ती एके काळी खरोखरच नारळी-पोफळींची वाडी होती. झाडे तोडून तेथे चाळी उठल्या, तेव्हाच्या वृद्धांनी हळहळ व्यक्त केलीच असेल. १८९६ मध्ये मुंबईत ग्रंथिक सन्निपाताची साथ आली आणि लाखो माणसे शहर सोडून गेली. ‘मुंबई बुडाली’ असे तेव्हाही लोकांना वाटले. १८९८ मध्ये नगरसुधारणेसाठी ट्रस्ट स्थापन झाला, दाट वस्तीतून रुंद रस्ते काढण्यात आले आणि पुष्कळ घरे पडली. तरीही गिरगाव उरले. केशवजी नाईकांच्या चाळीत १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव चालू आहे. ज्या मॅजेस्टिक चित्रगृहात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ हा आपल्या देशातील पहिला बोलपट लागला, ते चित्रगृह पुढे पडले. ट्रामची घंटा १९६४ मध्ये कायमची थांबली. उलट १९११ साली उद्घाटन झालेले आणि अनेक वर्षे बंद पडलेले ऑपेरा हाउस डागडुजी होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले. काही गेले, काही आले, काही गेलेले परत आले. यास नुसते ऱ्हास म्हणता येणार नाही.

मग ऱ्हास कोठे आहे? तो आहे भिंतींत, जिन्यांत आणि तुळयांत. त्याचे कारण समजून घेतल्याखेरीज उपाय सुचावयाचा नाही. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी असलेले भाडे हेच प्रमाण धरले. या कायद्याने आपल्या वाडवडिलांना तारले, हे कृतज्ञतेने सांगितले पाहिजे. तुटपुंज्या पगारात दोन खोल्यांचे बिऱ्हाड करून त्यांनी आपल्याला शिकविले, ते त्या अल्प भाड्याच्या बळावर. परंतु त्याच अल्प भाड्यात मालकाला इमारत राखणे परवडेना, आणि भाडेकरूला ती राखण्याचा अधिकार नव्हता. मालक म्हणे, ‘भाड्यात चुनासुद्धा येत नाही.’ भाडेकरू म्हणे, ‘इमारत तुमची, दुरुस्ती तुम्ही करा.’ या दोघांच्या मध्ये इमारत अनाथ झाली.

पुढे १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ निर्माण झाले आणि अशा इमारतींवर उपकर बसला. त्या वेळी शहरात उपकरप्राप्त इमारती १९,६४२ होत्या; त्यांपैकी १६,५०२ या सप्टेंबर १९४० पूर्वीच्या. त्यांतील पुष्कळांचा सांगाडा सागवानी. साग उत्तम, परंतु तुळईचे जे टोक भिंतीत रुतलेले असते, तेथे वर्षानुवर्षे ओल मुरली की ते आतून भुग्यासारखे होते आणि बाहेरून रंग मात्र शाबूत दिसतो. त्यात आपण खोलीत मोऱ्या बांधल्या, पोटमाळे घातले, फरशीवर फरशी बसविली. प्रत्येकाने आपल्या सोयीपुरते केले. भार मात्र एकाच तुळईवर पडला.

याचा परिणाम काय होतो, ते आपल्या शेजारीच घडले आहे. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीतील गोकुळ निवास या जुन्या इमारतीला आग लागली, इमारत कोसळली आणि अग्निशमन दलाचे चार अधिकारी प्राणास मुकले. दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे त्यांतील एक. ३१ ऑगस्ट २०१७ रोजी भेंडीबाजारातील हुसैनी इमारत पडून ३३ माणसे दगावली. ती इमारत पुनर्विकासाच्या योजनेत होती आणि काही कुटुंबे आधीच बाहेर पडली होती. जी राहिली, त्यांच्यावर तो प्रसंग ओढवला. तेव्हा ‘आमची चाळ शंभर वर्षे उभी आहे, तिला काय धाड भरली आहे?’ असे म्हणणाऱ्यांनी हे दोन दिवस विसरू नयेत.

आता जो प्रसंग सांगतो, तो आमच्याच नात्यातला आहे. त्यातील कोणाचे नाव घेत नाही. आमच्या एक काकू वाडीतील जुन्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहतात. वय ऐंशीच्या पुढे. गेल्या पावसाळ्यात रात्री दोनच्या सुमारास त्या मोरीजवळ घसरून पडल्या. त्यांच्या कण्हण्याचा आवाज शेजारच्या खोलीत गेला. त्या खोलीत चार वर्षांपूर्वी एक राजस्थानी कुटुंब राहावयास आले आहे. ते आले तेव्हा ‘आता बाहेरचे लोक शिरले, चाळीचे काही खरे नाही’ असे आम्हीच म्हटले होते. त्या घरातील दोन मुलांनी कडी तोडली, खालच्या मजल्यावरचे आणखी दोघे धावून आले, आणि चौघांनी काकूंना खुर्चीत बसवून खाली आणले.

परंतु चाळीच्या जिन्याला टेकू दिलेले होते, कठडा सुटलेला होता आणि वीज गेलेली होती. दोन जिने उतरावयास त्यांना अर्धा तास लागला. गल्लीत दुतर्फा मोटारी उभ्या असल्यामुळे रुग्णवाहिका तोंडाशीच थांबली. तेथवर पुन्हा खुर्चीच. काकू वाचल्या. पहाटे आम्हाला दूरध्वनी आला तेव्हा आम्ही कांदिवलीला झोपेत होतो. काकूंचे तीन पुतणे संस्थेच्या नामावलीत आहेत, आम्ही त्यांतलेच एक. आणि त्या रात्री तिघांपैकी एकही गिरगावात नव्हता.

या प्रसंगाने आमच्या मनातील वादाचा निकाल लावला. काकूंना वाचविले ते वस्तीने. त्यांचा जीव धोक्यात घातला तो इमारतीने. ज्यांना आपण ऱ्हासाचे कारण समजत होतो, तेच मदतीस आले. आणि जे ‘आपले’ होते, ते दूर होते.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. काकूंच्या मजल्यावर नऊ खोल्या आहेत. त्यांपैकी चार खोल्यांना कुलूप आहे. त्या चार खोल्या कोणाच्या? आपल्याच लोकांच्या. कोठे भावाभावांत वाद आहे, कोठे मुले परदेशी आहेत, कोठे ‘आज ना उद्या इमारत नवी होईल, तोवर राहू द्या’ असा हिशेब आहे. बंद खोलीत छप्पर गळले तर कळत नाही, वाळवी लागली तर दिसत नाही, आणि दुरुस्तीच्या सह्यांसाठी मालकाचा पत्ता लागत नाही. जिन्यावर रात्री दिवा लावण्यासही कोणी नसते. इमारत माणसांच्या वावराने टिकते आणि कुलपाने मरते. आपण म्हणतो की गिरगाव आपल्याला सोडून गेले. वास्तविक आपण गिरगाव सोडून गेलो आणि जाताना कुलूप लावून गेलो.

दूर जाण्यात दोष आहे असे आम्ही म्हणत नाही, आम्हीही त्यांतलेच. मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये ३३.३८ लाख होती, ती २०११ मध्ये ३०.८५ लाख झाली. दहा खणांच्या बिऱ्हाडात तीन पिढ्या किती दिवस मावणार? मुलगा वेगळा झाला, तर तो त्याच्या संसाराचा धर्म आहे. परंतु जाणे निराळे आणि टाकून जाणे निराळे.

काही तरुण मित्र म्हणतील की काळजी कशाला? ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो कफ परेडपर्यंत गेली, गिरगावला स्वतःचे स्थानक मिळाले, जागांचे भाव चढले. हे सर्व खरे आहे. परंतु त्या स्थानकासाठी कित्येक कुटुंबांना आपली बिऱ्हाडे हलवावी लागली, हेही खरे आहे. शिवाय भाव चढला म्हणजे वस्ती सुरक्षित झाली असे नव्हे. उंच इमारतीच्या फाटकावर पहारेकरी असतो. पण रात्री दोन वाजता कण्हणे ऐकू येईल अशी भिंत तेथे असेलच असे नाही. नव्या घरात ती जुनी शेजारओळख नेता आली, तरच पुनर्विकास सार्थ झाला.

म्हणून आपल्यापुढे चार सूचना नम्रपणे ठेवतो.

पहिली : गिरगावात व आसपासच्या जुन्या इमारतीत राहणाऱ्या प्रत्येक ज्ञातिकुटुंबाने आपल्या इमारतीची तपासणी अनुभवी अभियंत्याकडून करवून घ्यावी. पावसाळ्यापूर्वी म्हाडा अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करते. ती वाचावी, आणि नोटीस आली तर ती खणात दडवून ठेवू नये. खोली सोडली की हक्क गेला, या भीतीने पुष्कळजण बसून राहतात. ती भीती अगदीच निराधार नाही, कारण संक्रमण शिबिरात आयुष्य गेलेली माणसे आपण पाहिली आहेत. परंतु हक्क कागदाने राखावयाचा असतो, जीव पणाला लावून नव्हे.

दुसरी : भाडेपावत्या, शिधापत्रिका, वारसाचे दाखले प्रत्येकाने नीट लावून ठेवावेत. उपकरप्राप्त इमारतीच्या पुनर्विकासात मूळ रहिवाशाला किमान ३०० चौरस फुटांची जागा मालकीने मिळण्याची तरतूद आहे. कागद नसल्यामुळे किंवा भाऊबंदकीमुळे ती अडते. असे वाद मिटविण्यासाठी संस्थेतील निवृत्त वकील मंडळींनी महिन्यातून एक दिवस द्यावा.

तिसरी : ज्यांच्या खोल्या बंद आहेत, त्यांनी किल्ली शेजाऱ्याकडे ठेवावी, पत्ता चाळीच्या फळ्यावर लिहावा आणि वर्षातून चार वेळा तरी खोली उघडावी. शेजारी आपल्या ज्ञातीचा नसला तरी हरकत नाही. आम्ही तर म्हणू की नसला तर अधिकच बरे. तेवढीच ओळख वाढेल.

चौथी : एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी कार्यालयात असावी, आणि तीत नातलगांच्या नावाबरोबर शेजाऱ्याचेही नाव असावे. आजच्या सत्कारात आम्ही त्या राजस्थानी कुटुंबाला बोलावले आहे. ते मागच्या रांगेत संकोचाने बसले आहेत. आपण त्यांचे स्वागत करावे अशी प्रार्थना आहे.

राहिला प्रश्न संस्थेच्या जागेचा. ती आज विकली तर पैसा मिळेल, यात शंका नाही. परंतु ज्या वाडीत अजून आपली वडीलधारी माणसे दिवे लावून बसली आहेत, तेथील आपले दार आपणच बंद केले, तर त्यांनी कोणाकडे पाहावे? आमचे मत असे की प्रथम त्या जागेची तपासणी करवून घ्यावी. ती धोकादायक निघाली, तर तेथील कार्यक्रम त्याच दिवशी थांबवावेत. भावनेपायी कोणाचा जीव धोक्यात घालू नये. दुरुस्त होण्यासारखी असेल, तर उपनगरातील सभासदांनी वर्गणीचा मोठा वाटा उचलावा, कारण त्या जागेत वाढून मोठे झालेले बहुतेक आता उपनगरातच आहेत. आमचा वाटा आम्ही खजिनदारांकडे आजच दिला आहे. आपल्यावर दडपण आणण्यासाठी हे सांगत नाही, आमचे बोलणे कोरडे नाही एवढेच कळावे म्हणून.

गिरगाव सुरक्षित आहे काय, याचे आमचे उत्तर आपण मागाल, तर आम्ही म्हणू : माणसांच्या बाबतीत ते अजून सुरक्षित आहे, इमारतींच्या बाबतीत नाही, आणि पहिली गोष्ट फार काळ दुसरीच्या आधारावाचून टिकणार नाही. काकू आता बऱ्या झाल्या आहेत. आमच्याकडे कांदिवलीस चला म्हटले तर ऐकत नाहीत. म्हणतात, “तिथे मला रात्री हाक मारायला कोण आहे?” या प्रश्नाला आमच्याजवळ अद्याप उत्तर नाही. निदान त्यांच्या जिन्याचा कठडा तरी येत्या पावसाळ्यापूर्वी आपण बसवू या.