परसातले लिंबू आणि धुऱ्यावरचा वाळा
(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



गेल्या बैठकीत पऱ्हाटीवरची फवारणी आणि ज्वारीची खोडमाशी यांवर दोन तास बोलणे झाले. उठता उठता मागच्या रांगेतून एका बाईंनी विचारले, "पोराने शहरातून शोभेच्या गवताचे बेट आणले आहे. परसात जागा एकाचीच. गवत लावू की लिंबू?" सभेत हशा पिकला. आम्हीही हसलो. वाटेत मात्र लक्षात आले की दोन तासांतला सर्वात नेमका प्रश्न हाच होता. जागा एक, पाणी मोजके, मग कोणाला द्यायचे? कोरडवाहू शेतीचा सगळा प्रश्न यात आला. म्हणून आज उत्तर देतो.

आधी आमची चूक सांगितली पाहिजे. कृषीची पदवी घेऊन आम्ही नुकतेच गावोगाव फिरू लागलो होतो. एका गावात प्रत्येक घरी दोन-दोन लिंबाची रोपे वाटली. खड्डा किती खोल, शेणखत किती, सगळे फळ्यावर लिहून दाखवले. उन्हाळ्यात पाणी कोण आणील, एवढे मात्र विचारले नाही. एप्रिलमध्ये गेलो तर हातपंपावर घागरींची रांग होती आणि रोपांच्या काड्या झाल्या होत्या. एक म्हातारी म्हणाली, "लेकरा, माणसाला पुरेना, तुझ्या लिंबाला कुठून घालू?" त्या गावात जी थोडी रोपे जगली, ती सगळी न्हाणीच्या मोरीजवळ लावलेली होती. पुस्तकात नसलेला धडा आम्ही तिथे शिकलो. झाड जमिनीवर नव्हे, कोणाच्या तरी डोक्यावरच्या घागरीवर जगते.

आता हिशेब मांडू. पाच माणसांचे घर. माणशी पंधरा-वीस लिटरची एक बादली धरली तर न्हाणीतून रोज ७५ ते १०० लिटर पाणी वाहून जाते. भर मे महिन्यात वाढलेल्या, फळांवर असलेल्या लिंबाच्या झाडाची गरजही शंभर लिटरच्या आसपास जाऊ शकते. म्हणजे घराच्या सांडपाण्यावर एक झाड नीट जगते. दुसऱ्या झाडासाठी बाईला घागर उचलावी लागते.

हाच हिशेब एकराला लावा. सहा मीटर बाय सहा मीटर अंतरावर एकरात ११० झाडे बसतात. शंभर लिटरप्रमाणे दिवसाला ११ हजार लिटर झाले. दहा हजार लिटरचा टँकर रोज बांधावर उभा केला तरी पुरणार नाही. २०१२ साली पाऊस रुसला आणि जालन्याकडच्या मोसंबीच्या बागांचे काय झाले ते आठवा. लेकरासारखी वाढवलेली झाडे लोकांनी स्वतःच्या हाताने तोडून सरपणाला घातली. ते शेतकरी आळशी नव्हते, अडाणीही नव्हते. विहिरीने तळ दाखवला, दुसरे काही नाही.

कोणी म्हणेल, लिंबाला भाव केवढा असतो! एप्रिल २०२२ मध्ये शहरात एक लिंबू दहा-पंधरा रुपयांना विकले गेले, हे खरे. पण का विकले गेले? हवामान खात्याच्या नोंदीत, १९०१ पासून देशातला सर्वात तापलेला मार्च त्या साली होता. उन्हाने फूल-फळ गळाले. भाव होता तेव्हा झाडावर लिंबू नव्हते. तो भाव पाहून ज्यांनी त्या पावसाळ्यात रोपे लावली, त्यांना फळ दिसायला चार-पाच वर्षे थांबायचे होते. एका वर्षाच्या भावावर पाच वर्षांचे झाड लावू नये.

म्हणजे लिंबू लावू नये का? जरूर लावावे, पण न्हाणीजवळ आणि एकच. काळजीच्या गोष्टी चार.

पहिली, रोप विकत घेतलेच पाहिजे असे नाही. लिंबाच्या एका बीतून दोन-तीन कोंब निघतात आणि त्यांतले बहुतेक आईसारखेच असतात. चांगल्या, भरपूर लागणाऱ्या झाडाचे पिकले फळ घ्या, बी न वाळवता लगेच पेरा. दुसरी, मोरीचे पाणी बुंध्याशी साचू देऊ नका, नाही तर डिंक्या लागतो आणि चांगले झाड साल सोडून मरते. बुंध्याभोवती मातीची एक वरंबी, तिच्या बाहेर दुसरी आणि पाणी फक्त दोन्हींच्या मधे. कपडे धुतलेले सोड्याचे पाणी दुसरीकडे काढा. तिसरी, कोवळ्या पालवीवर पाखराच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी असते, ती मोठी झाली की हिरवी होते. एका झाडाला फवारणी कशाला? सकाळी हाताने वेचा. चौथी, पाने आणि फळांवर खवल्यासारखे तपकिरी डाग दिसले तर तो खैऱ्या. रोगट फांद्या पावसाआधी छाटून जाळा आणि एक टक्का बोर्डो मिश्रण मारा.

आता पोराने आणलेले गवत. शहरातल्या बंगल्यांच्या कडेला लावतात ते फाउंटन गवत आफ्रिकेकडचे, आपल्या बाजरीचे चुलत भावंड. तुरे देखणे असतात, पाणीही फार मागत नाही. पण हवाई बेटांवर शोभेसाठी नेलेले हेच गवत कुंपण ओलांडून रानोमाळ पसरले आणि वाळल्यावर वणव्याला सरपण झाले. आपले पडीक रान आधीच गाजर गवताने भरले आहे. आणखी एक पाहुणा बोलावण्याची गरज नाही. बेट कुंडीत ठेवा, तुरे बी धरण्याआधी कापा. जमिनीत शोभाच हवी असेल तर त्याच कुळातले आपले अंजन गवत लावा. तुरा तसाच येतो आणि गाय आवडीने खाते.

पण मायबहिणींनो, गवताची खरी जागा परसात नाही, ती धुऱ्यावर आहे. आणि तिथे आम्ही नाव घेऊ वाळ्याचे. माठात टाकतो, कूलरच्या ताट्यांना लावतो, तोच वाळा. कर्नाटकात गुंडलुपेटकडे शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या शेताच्या हद्दीवर वाळा लावत आले. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेचे जॉन ग्रीनफिल्ड आणि रिचर्ड ग्रिमशॉ यांनी माती अडवण्यासाठी त्याचा प्रचार केला. १९९३ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने त्यावर पुस्तक काढले. आमच्या शेतकऱ्याचे शहाणपण साहेबाच्या पुस्तकात छापून आले की मग आमच्या कचेऱ्यांना पटते, ही जुनी रीत आहे.

वाळ्याची मुळे आडवी पसरत नाहीत, सरळ खाली जातात, दोन-तीन मीटरपर्यंत. म्हणून शेजारच्या पऱ्हाटीच्या तोंडचा घास तो फारसा काढत नाही. वर दाट बुंध्यांची भिंत होते. उतारावरून येणारे पाणी तिथे थबकते, माती टाकते आणि सावकाश पुढे जाते. लिंबाला आपण पाणी आणून द्यावे लागते. वाळा आपल्या शेतातून पळणारे पाणी धरून देतो. दोघांतला फरक एवढाच, पण कोरडवाहू माणसाला तो फार मोठा आहे.

लावायचे कसे? बांध समपातळीवर हवा, उताराला आडवा. जूनमध्ये चांगला पाऊस झाला की दोन-तीन फुटव्यांची जुडी एकेक वीत अंतरापेक्षा जवळ, म्हणजे पंधरा सेंटिमीटरवर लावा. शंभर फूट धुऱ्याला दोनशे जुड्या लागतात. पहिल्या वर्षी निंदण करा आणि मेलेल्या जागी नव्या जुड्या भरा, कारण एक खिंड राहिली की सगळे पाणी तिथूनच फुटते. दुसऱ्या वर्षापासून गुडघाभर उंचीवर कापत राहा. कोवळा पाला जनावर खाते, जून पाला छपराला आणि आच्छादनाला जातो. फुटवे मागताना बियाने न पसरणारा वाळा मागा.

एक मोह मात्र टाळा. वाळ्याच्या मुळ्यांना पैसे येतात. व्यापारी येईल आणि म्हणेल, धुरा खणून मुळ्या द्या. मुळी गेली की धुरा गेला आणि धुऱ्यामागे तुमची काळी माती नाल्यात गेली. मुळ्या विकायच्या असतील तर वेगळ्या तुकड्यात लावा. धुऱ्यावरचा वाळा राखणदार आहे. राखणदाराला विकून घर राखले जात नाही.

तेव्हा त्या बाईंना आमचे उत्तर असे : न्हाणीजवळ लिंबू, धुऱ्यावर वाळा, पोराचे गवत कुंडीत. पोराला रागावू नका. त्याला घराची शोभा वाढवावीशी वाटली, हे चांगलेच आहे.

आणि भावांनो, तुम्हाला एक काम. घरी गेल्यावर चार दिवस न्हाणीतून किती बादल्या पाणी जाते ते स्वतः मोजा. विहिरीवरून, हातपंपावरून ते कोण आणते तेही लिहा. पुढच्या बैठकीला तो कागद घेऊन या. कोणते झाड लावायचे ते त्या कागदावरून ठरवू, आणि ठरवताना घागर उचलणारीला आधी बोलू देऊ.