हायड्राचे चित्र
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी चार शब्द बोलावे अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली, तेव्हा प्रथम मी नाहीच म्हटले. एकतीस वर्षे शाळेत चित्रकला शिकविली, पण ती बहुतेक फळ्याकडे तोंड करून. तुमच्याकडे तोंड करून बोलताना काही चुकले तर पदरात घ्यावे.

मागच्या भिंतीवर जे काळे-तांबडे चित्र लावले आहे, ते माझे आहे. 'माझे आहे' हे तीन वर्षांपूर्वी मी इतक्या सहज म्हटले नसते. ते का, तेच आज सांगावयाचे आहे.

चार वर्षांपूर्वी माझ्या उजव्या हाताला कंप सुटला. त्या दिवाळीत ठिपक्यांची रांगोळी काढावयास बसले, तर तेरावा ठिपका बाराव्यावर जाऊन बसला. डबी तशीच ठेवून उठले आणि दार लावून घेतले. चित्रे काढणे संपले, असे मी मनाशी ठरवून टाकले. पुढे मे महिन्यात पुतणी राहावयास आली. ती संगणकावर काम करते. तिने एक दिवस मला यंत्रासमोर बसविले आणि म्हणाली, "काकू, हात हलला तरी चालेल. बोटाने आकडा दाबता येतो ना?"

तिने मला जे शिकविले त्याला फ्रॅक्टल म्हणतात. नाव अवघड असले तरी गोष्ट सोपी आहे. शून्य घ्यावे, त्याचा वर्ग करावा आणि त्यात एक ठरलेली संख्या मिळवावी. जे उत्तर येईल त्याचा पुन्हा वर्ग, पुन्हा तीच मिळवणी. ठरलेली संख्या एक असेल तर उत्तरे येतात 1, 2, 5, 26, 677. ती पळतच सुटतात. ती उणे एक असेल तर उणे एक, शून्य, उणे एक, शून्य, अशी जागच्या जागी घुटमळतात. संगणकाच्या पडद्यावर लाखो ठिपके असतात आणि प्रत्येकाला स्वतःची संख्या असते. प्रत्येकाचे असेच गणित करावयाचे. जो घुटमळतो तो ठिपका काळा, जो पळतो त्याला तो किती आवर्तनांत पळाला ह्यावरून रंग. म्हटले तर ही ठिपक्यांचीच रांगोळी. फक्त आकृती आपण ठरवीत नाही, ती आकड्यांतून उमटते, आणि तिचा कोपरा मोठा करून पाहिला तर त्यात पुन्हा तशीच आकृती सापडते.

ह्याचा पाया गास्तों ज्यूलिया ह्या फ्रेंच गणितज्ञाने 1918 साली घातला. पहिल्या महायुद्धात त्याचे नाक गेले होते आणि तोंडावर तो कायम कातडी पट्टी बांधीत असे. त्या काळी संगणक नव्हता, त्यामुळे आपल्या सूत्रातून काय उमटते ते त्याला आमच्यासारखे पडद्यावर पाहता आले नाही. त्याचा विद्यार्थी बेन्वा मांडेलब्रो अमेरिकेत आयबीएम कंपनीत गेला. 1975 साली त्याने 'तुटलेला' ह्या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रॅक्टल हे नाव बनविले आणि 1980 साली संगणकावर ती प्रसिद्ध आकृती पाहिली. तिला आज त्याचेच नाव आहे.

ज्यूलियाच्या आकृतींत एक झाडासारखी आहे. ग्रीक भाषेत झाडाला देंड्रॉन म्हणतात, म्हणून तिला डेंड्राइट हे नाव. तिच्या प्रत्येक सांध्यात एक फांदी येते आणि दोन निघतात, त्या दोहोंच्या पुन्हा दोन दोन, ह्याला अंतच नाही. ती पाहताच मला ग्रीकांच्या हायड्राची आठवण झाली.

आर्गोसजवळ लेर्ना नावाची दलदल होती. तिथे नऊ मुंडक्यांची ही नागीण राहत असे. त्यांतले मधले मुंडके अमर. हेराक्लीसाला, ज्याला रोमन लोक हर्क्युलस म्हणत, युरिस्थेउस राजाच्या हुकुमाने तिला मारावयाचे होते. पण सोट्याने एक मुंडके ठेचले की त्या जागी दोन उगवत. आपल्याकडील रक्तबीज तुम्हांला आठवला असेल. त्यातच हेरा देवीने एक मोठा खेकडा पाठविला आणि तो हेराक्लीसाच्या पायाला चावू लागला. आकाशातली कर्क रास म्हणजे तोच खेकडा, असे ग्रीक मानीत. शेवटी हेराक्लीसाने आपल्या पुतण्याला, इओलाओसाला, हाक मारली. त्याने जवळच्या रानाला आग लावली आणि मुंडके तुटले रे तुटले की जळक्या लाकडाने ती जागा डागली. असे एकेक करून संपविले आणि अमर मुंडके जड शिळेखाली पुरले.

माझ्या चित्रात हे कसे आणले? ठिपका पळतो की घुटमळतो हे किती आवर्तने पाहावयाचे, ते करणाऱ्याने ठरवावयाचे असते. पाचव्याला थांबले तर नुसता काळा गोळा दिसे. पन्नासाव्यापर्यंत जाऊ दिले तर फांद्या इतक्या बारीक होत की दिसेनाशाच होत. मी नवव्याला थांबले. तिथे टोके बोथट राहतात, डागल्यासारखी. त्यांच्या कडेला निखाऱ्याचा रंग दिला आणि खालच्या कोपऱ्यात एक फांदी जवळजवळ अंधारात ठेवली. ती शिळेखालची. ह्याकरिता दीड महिना गेला आणि चाळीसवर चित्रे टाकून दिली.

पुढे गावातल्या एका प्रदर्शनाला ते पाठविले. आठ दिवसांत परत आले. सोबत चिठ्ठी होती : यंत्राच्या मदतीने काढलेले असल्यामुळे विचार करता येत नाही. खोटे कशाला सांगू, मी रडले. हात गेला त्या दिवशीही इतके रडले नव्हते.

मग त्या कथेचा शेवट आठवला. अपोलोडोरसच्या नावावरील ग्रंथात तो आहे. हायड्रा मेली तरी युरिस्थेउसाने ती कामगिरी मोजली नाही, कारण पुतण्याची मदत घेतली होती. दहा कामगिऱ्यांच्या बारा झाल्या, त्या काही अंशी ह्यामुळे. पण आज हायड्रा कोणी मारली म्हणून विचारले तर जग हेराक्लीसाचेच नाव घेते, आणि इओलाओसाचेही विसरत नाही.

परीक्षकांचे म्हणणे अगदीच वावगे होते असेही मी म्हणत नाही. एक कळ दाबून संगणक शंभर सुंदर चित्रे देतो. ती मीही काढली आहेत, आणि त्यांना माझी म्हणावयाला माझी जीभ रेटत नाही. म्हणून काढणारीला एवढेच विचारावे : बाई, तू इथेच का थांबलीस? तिला सांगता आले तर ते चित्र तिचे. शिवणाच्या यंत्रावर शिवलेले झबले आपण हस्तकलेच्या टेबलावर ठेवतोच की. कापड बेतले कोणी, हे आपण पाहतो.

यंदाच्या आपल्या प्रदर्शनासाठी माझी एक सूचना आहे. कंपामुळे, नजरेमुळे, सांधेदुखीमुळे ज्यांनी काम खाली ठेवले आहे, अशा भगिनी ह्या सभेतही आहेत. त्यांनी कुणाची वा कशाची मदत घेऊन काही केले, तर ते परत पाठवू नये. मदतीचा उल्लेख मात्र चिठ्ठीवर स्वच्छ असावा. माझ्या चित्राखाली तो आहे : 'संगणकावर, पुतणीने शिकविल्यावरून.'

 चहाच्या वेळी चित्राजवळ जरूर यावे. शिळेखालचे मुंडके कुठे आहे ते मी दाखवीन.